नावावरची रेघ

नांदुऱ्याच्या बाजारात कॉम्प्युटरचं सामान विकणारं एक दुकान आहे. मागच्या आठवड्यात मी तिथं माऊस घ्यायला गेले आणि दुकानदाराचं डोकं पिकवून आले. त्यानं एक पुढं ठेवला, मी त्यावर हात ठेवून पाहिला, नको म्हटलं. दुसरा ठेवला, तोही नको. तिसरा बरा होता, पण बोटं आखडत होती. काउंटरवर डब्यांचा ढीग झाला तसा तो वैतागला. "ताई, माऊसच घेऊन राह्यल्या न? पैठणी नाही!"

"पैठणी नाही आवडली त कपाटात पडून राह्यते भाऊ," मी म्हटलं. "हा दिवसभर हाताखाली राह्यते. काढा अजून."

त्यानं काढले बिचाऱ्यानं. मी लग्नपत्रिका आणि बॅनरची कामं करते, घरच्याच पुढच्या खोलीत. दिवसाचा बराच वेळ उजवा हात माऊसवरच असतो. त्यामुळे मी माऊसचा रंग पाहत नाही, त्यात दिवे लागतात का तेही पाहत नाही. तळवा पूर्ण टेकला पाहिजे. बोटं लांब पडली पाहिजेत, नखांवर उभी राहायला नकोत. मनगट सरळ, ना वर उचललेलं, ना बाजूला मुरडलेलं. दुकानातच मी कोपर काउंटरवर ठेवून माऊस सरकवून पाहते, कारण हात हलायचा तो कोपरातून, मनगटातून नाही. दुकानदार शेवटी हसायलाच लागला. "तुमी हाडाच्या डॉक्टर हाये काय?"

"नाही. पेंटरची पोरगी हाये."

त्याला त्यातलं काही कळलं नाही. मागं गिऱ्हाइकं उभी होती, म्हणून मीही सांगत बसले नाही.

माझे बाबा खामगावात पेंटर होते. घरांना रंग देणारे नाहीत, अक्षरं लिहिणारे. कापसाच्या जिनिंगच्या फाटकावरचं नाव, तेलाच्या मिलची पाटी, दवाखाने, रसवंत्या, ट्रकच्या मागची वाक्यं, किती तरी त्यांच्या हातचं होतं. अख्खा बाजार त्यांना पेंटरच म्हणायचा. आईसुद्धा चिडली की म्हणायची, "या पेंटरसाहेब, भाकर थंडी होऊन राह्यली." मी वाचायला शाळेच्या आधी बाजारात शिकले, बाबांचं बोट धरून.

त्यांची लिहिण्याची एक पद्धत होती. आधी सगळी अक्षरं उभी करायची, डोक्यावर रेघ नसलेली. मग ब्रश पुसून नव्यानं रंगात बुडवायचा, डाव्या हातात काठी आडवी धरायची, तिच्यावर उजवं मनगट टेकायचं, श्वास रोखायचा आणि वरची रेघ एका दमात ओढायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाकीचे पेंटर खडू लावलेली दोरी ताणून मारायचे आणि तिच्या मापानं रेघ भरायचे. बाबांना ते अजिबात पसंत नव्हतं. "दोरीनं मारली त ते दोरीचं काम झालं. त्याच्यात माह्यं काय?" रेघ चालू असताना आजूबाजूला कुणी खोकललेलं खपायचं नाही. लहानपणी मी खाली उभी राहून त्यांच्यासोबत श्वास धरायची. पाटी लांब असली की माझाच दम आधी सुटायचा.

आमच्याकडं लग्नघराची भिंत रंगवून घेतात. कुणाच्या घरी गणपती, कुणाच्या घरी बुद्ध, कुठं दाराच्या दोन्ही अंगांना भालदार-चोपदार. मोठ्या अक्षरांत 'शुभ विवाह' नाही तर 'मंगल परिणय', आणि खाली नवरानवरीची नावं. नाव पूर्ण झालं, रेघ ओढली, की घरची बाई पेंटरला कुंकू लावते आणि टॉवेल-टोपी देते. तो त्याचा मान असतो. बाबांचा त्यात एक कडक नेम होता, रेघ ओढल्याबिगर टोपी घ्यायची नाही. एका घरी बाईनं घाईघाईत आधीच ताट आणलं, तर हे शिडीवरूनच म्हणाले, "ठिवा बाई ताट. नवरीच्या डोक्यावर अजून पदर यायचा हाये."

गल्लीतल्या जवळपास सगळ्या पोरींची नावं बाबांनी लिहिली. त्या सासरी गेल्या, त्यांची लेकरं शाळेत गेली, तरी माहेरच्या भिंतीवर नाव तसंच लाल. मी विचारायची, "बाबा, माह्यं कवा लिहसान?" ते उजवा हात समोर सरळ धरायचे आणि बोटांकडं पाहायचे. "तुह्यं नाव म्हंजे माह्यी परीक्षा हाये. त्या दिवशी हात असा पाह्यजे." हात जरासाही हलत नसायचा.

मग फ्लेक्स आला. बघता बघता बाजारातल्या पाट्या उतरल्या आणि त्या जागी हसऱ्या चेहऱ्यांचे चकचकीत बॅनर लागले. बाबा कपाळाला हात लावून बसले नाहीत, हे मला आजही कौतुकाचं वाटतं. त्यांनी एक जुना कॉम्प्युटर घरी आणला आणि मला म्हणाले, "शिकव." मी कॉलेजात होते, कोर्स केलेला होता. चालू-बंद करण्यापासून सगळं मीच शिकवलं. असा आडमुठा विद्यार्थी मला पुढं शाळेत शिकवतानाही भेटला नाही.

माऊस घ्यायला आम्ही दोघं गेलो होतो. दुकानदारानं मुठीत भरेल असा चांगला माऊस पुढं केला. बाबांनी तो ब्रश पाहतात तसा उलटा-सुलटा करून पाहिला आणि बाजूला ठेवला. त्यांनी निवडला सगळ्यात लहान, लोक प्रवासात लॅपटॉपसोबत नेतात तसला. दुकानदार म्हणाला, "पेंटर, हा लेकराच्या हाताचा हाये. मोठा घ्या."

"नाव लिवाले मी बारीक ब्रश घेतो राजा, खराटा नाही घेत."

आम्ही सगळे हसलो. दुसरा कुणी असा माऊस निवडणार नाही, पण ज्यानं जन्मभर बारीक ब्रशानंच बारीक रेघ काढली, तो दुसरं काय उचलणार? त्या दिवशी मला तर त्यांचा अभिमानच वाटला होता.

तो एवढासा माऊस ते तीन बोटांच्या टोकांत धरायचे. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट, अगदी ब्रश धरल्यासारखा. तळवा हवेत. मनगटाला काठीची सवय, पण इथं काठी कुठली? मग टेबलावर काच होती, तिच्या कडेवर मनगट टेकायचं. डॉक्टर नाडी पाहतात ती मऊ बाजू काचेच्या कडेवर दाबून हा माणूस तासन् तास बसायचा. बरं, तयार अक्षरं वापरली असती तरी काम लवकर उरकलं असतं. पण कॉम्प्युटरमधली अक्षरं त्यांना उष्टी वाटायची. नवरीचं नाव, दुकानाचं नाव, जे काही मोठं असेल ते स्वतः काढायचं, माऊसनं, एकेक वळण.

आणि वरची रेघ. मी त्यांना दाखवलं, "बाबा, हे शिफ्टचं बटन दाबून धरा अन् ओढा. रेघ सरळच येते. वाकडी यायची सोयच नाही." त्यांनी एकदा करून पाहिलं. रेघ आली, टाचणीसारखी सरळ. थोडा वेळ तिच्याकडं पाहिलं आणि पुसून टाकली. "हे दोरीचंच काम झालं न बाई." मग श्वास धरून हातानं ओढली. जराशी थरथरली की पुसायची आणि पुन्हा. एकेका रेघेत दुपार जायची.

मी चिडायची. "बाबा, लोक हे बॅनर लगन झाल्यावर म्हशीखाली टाकतात!"

"टाकू दे. म्हशीले त सरळ रेघ दिसन."

आईनं तर केव्हाच नाद सोडला होता.

आधी मुंग्या यायला लागल्या. त्याच तीन बोटांना. बाबा हात झटकायचे आणि परत कामाला बसायचे. पहाटे उठून बसायचे, हात खाली लोंबता सोडून. आई तिळाचं तेल चोळायची, शेजारच्या काकूंनी तांब्याचं कडं दिलं, कुणी वातावरचा लेप सांगितला. बाबा म्हणायचे, "पेंटरचा हात हाये, दुखनारच." खरंच, शिडीवर असतानाही हात दुखायचा. पण तेव्हा दर अक्षरागणिक काही ना काही निघायचं. रंग कालवायचा, शिडी सरकवायची, रस्ता ओलांडून पलीकडून पाटी पाहायची, चहा प्यायचा. हाताला सुट्टी मिळत होती, कुणी न देता. खुर्चीवर बसल्यावर ती सगळी सुट्टी गेली. आम्हा तिघांपैकी कुणालाच ते कळलं नाही.

मी तेव्हा मेहकरला एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागले होते. तिथं कुणाकडं तरी उभा माऊस पाहिला, हातात हात घेतल्यासारखा धरायचा. मनगटाला बरा असतो म्हणाले, म्हणून तसलाच बाबांसाठी घेतला. बाबांनी त्याला पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. "रामराम पाहुणे! कोन्या गावचे?" आई हसून हसून लाल झाली. त्यांनी तो एक दुपार वापरला, मग खिळ्याला टांगला. मी संतापून लहान माऊस ज्वारीच्या कोठीत लपवला, तर आईनंच काढून दिला. "तोंड पाडून बसले न वं ते. मले नाही पाहवत."

त्याच वर्षी माझं लग्न ठरलं, नांदुऱ्याला. पुढच्या उन्हाळ्यातली तारीख निघाली. आणि दिवाळीला मी बाबांसाठी पेनची पाटी आणली. माऊसऐवजी हातात पेन धरायचा, पाटीवर लिहिलं की पडद्यावर उमटतं. डबा उघडला तसा त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "हे झालं न बाप्पा! हे पहिले काऊन नाही आनलं?" लगेच बसले. पहिलं अक्षर काढलं, दुसरं अर्धं काढलं, आणि पडद्यावरचं थांबलं. बाबांचा हात मात्र चालूच. डोळे पडद्यावर, तीन बोटं जुळवलेली, हात हवेत वळण घेतोय.

"चालून नाही राह्यलं वं हे. खराब माल देल्ला तुले."

"बाबा," मी म्हटलं, "पेन पडला तुमचा."

त्यांनी हाताकडं पाहिलं. मग मांडीवर पडलेल्या पेनाकडं. "कवा पडला?"

आई दारात पणत्या घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली.

दिवाळी होताच आम्ही अकोल्याला गेलो. डॉक्टरांनी दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवायला सांगितले, शेजारी शेजारी. तेव्हा दिसलं. डाव्या अंगठ्याखाली तळव्याची गादी भरलेली होती, उजव्या अंगठ्याखाली खड्डा. रोज त्या हाताला तेल लावणाऱ्या आईलाही दिसलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मनगटात एक अरुंद वाट असते, तिच्यातून बोटांची नस जाते. ती दाबून दाबून चेपली. ऑपरेशन केलं की वाट मोकळी होईल, दुखणं जाईल. पण अंगठ्याचा स्नायू वाळला आहे, बोटांची जाणीव गेली आहे, ती किती परत येईल ते सांगता येत नाही. फार दिवस अंगावर काढलं तुम्ही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "पोरीचं लगन हाये उनाळ्यात. भितीवर तिचं नाव लिवाचं हाये. तेवढं होईन न साहेब?"

"प्रयत्न करा," डॉक्टर म्हणाले. मला त्यांचा त्या क्षणी राग आला. होईल म्हणायला काय जात होतं?

ऑपरेशन झालं. दुखणं खरंच गेलं, बाबा रात्रभर झोपायला लागले. बोटं मात्र मुकीच राहिली. सांगितलेला व्यायाम ते न चुकता करायचे. ताटात हरभरे घेऊन डोळे मिटून एकेक उचलायचे. उचलला असं समजून हात वर न्यायचे, आणि बोटांत काहीच नसायचं. आई हळूच ताट पुढं सरकवायची. संध्याकाळी अंगणातल्या फरशीवर ब्रश पाण्यात बुडवून लिहायचे, माझंच नाव. फरशी गरम, लिहिता लिहिता वाळून जायचं. वरची रेघ मात्र एकदाही ओढली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "ते त्याच दिवशी."

मांडवाच्या दिवशी सकाळी सकाळीच बाबा भिंतीपाशी उभे राहिले. गणपती आणि चोपदार त्यांच्या जुन्या सोबत्यानं आदल्या दिवशीच काढून दिले होते. तोही पेंटरच. बाबांनी आईकडून सुती चिंधी घेतली आणि ब्रश बोटांना बांधून घेतला. 'चि. सौ. कां.' लिहिलं. मग माझं नाव. अक्षरं पूर्वीसारखी नव्हती, कुठं जाड, कुठं कापरी, पण होती त्यांचीच. बाजारात कुठंही लिहिली असती तरी मी ओळखली असती. बायका मांडवातून बाहेर आल्या. आईच्या हातात ताट होतं, कुंकू, टॉवेल आणि टोपी.

बाबांनी ब्रश पुसला, नव्यानं रंगात बुडवला. डाव्या हातात काठी धरली, मनगट टेकलं. श्वास रोखला. मीही रोखला, हळद लागायच्या आत, एवढी मोठी होऊन. रेघ सुरू झाली, पहिल्या अक्षरावरून गेली, आणि ब्रश चिंधीतून फिरला. बोटांना कळलंच नाही. लाल रंग अक्षरातून खाली ओघळला. बाबांनी तो कपड्यानं टिपला, टर्पेंटाइननं साफ केला आणि पुन्हा ओढली. पुन्हा तेच. पुन्हा टिपला. कपाळावर घाम आला होता.

त्यांचा सोबती जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "दोरी मारू काय? मी धरतो एक टोक."

बाबांनी मान हलवली, नाही. मग माझ्याकडं पाहिलं आणि हसले. "इथं शिफ्टचं बटन नाही न बाई."

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात जे रडू आलं ते आवरेना. आई ओरडली, "लगनाच्या घरी असं रडते काय कोनी!" आणि स्वतःचे डोळे पदरानं पुसत पुढं झाली. तिनं चिमटीत कुंकू घेतलं, बाबांच्या कपाळाकडं हात नेला. बाबांनी मान मागं घेतली.

"ठिव ते. काम नाही झालं."

आई ताट घेऊन आत गेली.

माझं लग्न त्या उघड्या नावासमोर लागलं. पाहुण्यांनी भिंतीपुढं उभं राहून फोटो काढले, बहुतेकांना काही दिसलंही नसेल. मी मात्र वरात निघताना मागं वळून पाहिलं ते भिंतीकडंच. पुढं शाळा सोडली, बाबांचंच काम नांदुऱ्यात सुरू केलं. माहेरी गेले की बाबा म्हणायचे, "हात येऊ दे जरासा, मंग ओढून टाकतो." लाल रंगाचा डबा त्यांनी झाकण ठोकून पलंगाखाली ठेवला होता. कुणाला हात लावू दिला नाही. मला रागही यायचा. एवढा हुशार माणूस, एका बटनाशी भांडला आणि हात घालवून बसला. असं मी मनात शंभरदा म्हटलं असेल, आणि दर वेळी तो बोटांना बांधलेला ब्रश डोळ्यांपुढं आला. भांडण बटनाशी नव्हतंच. दुसऱ्यांच्या पोरींना दिलं ते मला कमी पडू नये, एवढंच होतं त्यांचं.

मागच्या पोळ्याला बाबा गेले. सकाळी चहा मागितला आणि आई घेऊन येईस्तोवर संपलं होतं. मी नांदुऱ्याहून पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. नातेवाइकांनी आणलेलं कापड एकेक करून बाबांच्या अंगावर पडत होतं. आई उठून आत गेली आणि पेटी उघडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तोच टॉवेल होता, तीच टोपी, घडी न मोडलेली.

मी तिचा हात धरला. "आई, हे नको. हे नाही घेत ते. काम नाही झालं म्हनतीन."

"आता कायचे म्हनतात वं," आई म्हणाली.

टॉवेल तिनं त्यांच्या उजव्या हातावर पांघरला, अंगठा झाकला जाईल असा. टोपी नीट सरळ करून डोक्यावर घातली. मग चिमटीत कुंकू घेतलं आणि कपाळाला लावलं. या वेळी बाबांनी मान मागं घेतली नाही.